अंगाबरोबर बसलेला कोट

१२ फेब्रुवारी

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितलं आहे. काय खाल्लं आणि त्यानंतर पोटानं काय केलं, एवढंच लिहायचं, बाकीचं पुराण नको, असं वर बजावलं. म्हणजे मी पुराण सांगतो असं त्यांचं मत दिसतं. सर्दी-तापानं माणसाला पंधरा दिवस आडवं करायचं, खोकून खोकून बरगड्या खिळखिळ्या करायच्या, आणि छाती मोकळी झाली म्हणेपर्यंत पोटानं संप पुकारायचा. हे पुराण नाही तर काय आहे?

खाल्लं: कोरा टोस्ट, दुपारी मऊ भात. पोट: फुगलेलं. करपट ढेकर.

डॉक्टर म्हणतात, हा विषाणू नाका-छातीत शिरतो, पण जाताना कधीकधी पोटाचीही वाट लावून जातो. त्यात मी रिकाम्या पोटी अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या. गोळ्या बायकोनं दिल्या होत्या. तसं मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. ती शेजारीच बसली होती. जिना उतरताना म्हणाली, "अहो, गोळीबरोबर पावही दिला होता मी. तो तुमच्या उशीखाली सापडला." असेल. तापात माणसाला शुद्ध असते का?

तिलाही हाच ताप आला होता. पण ती दोन दिवसांत उठून मशीनवर बसली. काही लोकांची प्रकृतीच दगडासारखी असते. आमच्यासारख्यांनी काय करावं?

१५ फेब्रुवारी

खाल्लं: अर्धा वाडगा सूप, पाव. पोट: तासाभरात सगळं वर चढलं. छातीत आग.

आज दुकानात उतरलो. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे अरुंद जिना. मी कापतो, ही शिवते, दुपारी काजवाली येऊन काजं करते आणि बटणं लावते. तिघंही निळे कोट घालून काम करतो. तिन्ही कोट मीच बेतलेले आहेत. काजवालीचं माप मी घेतलं होतं. हिचं घ्यायची वेळ कधी आली नाही, हिनं आकडे सांगितले, मी कापड कापलं, शिवलं तिचं तिनंच. शिवणीच्या आत माया मात्र भरपूर ठेवायला लावली होती मी. बायकांचं अंग सुटतं, मग उसवून वाढवायला आत कापड लागतं.

महिनाअखेर नाही, पुढच्या महिन्याच्या अखेरीला हॉटेलची ऑर्डर द्यायची आहे. वाढप्यांची जाकिटं, तांबडं कापड, तांबडं अस्तर, तांबडा दोरा. उघडं दुकान बघून एका वाढप्यानं लगेच माप द्यायला पाय ठेवला. मी टेप लावली, आकडा मोठ्यानं म्हणालो, हिनं मशीनवरून मान न वळवता तो टिपला आणि म्हणाली, "लिहिलं." तेव्हा कुठे मला बरं वाटलं. हे लग्नापासून असंच आहे. तिचं "लिहिलं" कानावर पडल्याशिवाय माझी टेप पुढच्या जागी सरकत नाही. गिऱ्हाइकांना याची मोठी गंमत वाटते.

दोन मापं घेतली आणि दमलो. वर जाऊन पडलो.

१९ फेब्रुवारी

खाल्लं: भात, उकडलेला बटाटा, पुन्हा बटाटा. पोट: जड.

दुसरा बटाटा माझा नव्हता, तिचा होता. हल्ली ही नवीन खोड सुरू झाली आहे. जेवायला बसलं की दोन घास खाते, आणि मग तिच्या ताटातलं उचलून माझ्या ताटात घालते. "तुमच्या अंगात ताकद यायला हवी." मी म्हणालो, "अगं, माझं पोट आहे की पोतं?" तर म्हणाली, "मी स्वयंपाक करताना चाखत चाखतच पोट भरलं." आयुष्यभर हिनं कधी काही चाखलं नाही. मीठ नसायचं तेव्हा नसायचंच. आता माझं पोट बिघडल्यावर हिला चाखायचं सुचतंय.

डॉक्टरांना विचारायला हवं, आग्रहानं खाल्ल्यामुळे पोट फुगतं का?

२४ फेब्रुवारी

खाल्लं: टोस्ट, सूप, एक अंडं घाबरत घाबरत. पोट: बरं. अंड्याला काही बोललं नाही.

बँकेतले साहेब कोट घेऊन आले. "मास्तर, जरा आवळून द्या." मी म्हणालो, "साहेब, आजारी होतात का?" चकित झाले. यात चकित होण्यासारखं काय आहे? माणूस झिजला की आधी पाठीवर खांद्यापासून उभी चुणी पडते, मग बगलेत कापड गोळा होतं, बाही मनगटावर उतरते. माणूस तोंडानं "मी मजेत" म्हणू दे, कोट खरं बोलतो. या कामात माझे केस पांढरे झाले आहेत. चेहऱ्यावरून डॉक्टरांना कळत नाही ते मला पाठीमागून कळतं.

ते गेल्यावर मी आरशात माझा कोट बघितला. पाठीवर चुणी आहे. दोन तरी किलो उतरलो असेन. हिला दाखवली. हिनं मशीन थांबवून बघितली आणि म्हणाली, "हो, आहे खरी." त्यापलीकडे एक अक्षर नाही. स्वतःच्या नवऱ्याच्या पाठीवर चुणी पडली तर बाईमाणूस जरा तरी हळहळतं.

१ मार्च

खाल्लं: भात, अंडं, पाव. पोट: दुपारी गुडगुड, बाकी शांत.

मुलीचा फोन. तिचं गाव लांब, सुट्टी मिळत नाही, फोनवरच काय ती माया. आधी माझी चौकशी केली. मी सुरुवात केली होती तोच म्हणाली, "बाबा, आईचं काय चाललंय? परवा व्हिडिओवर बोललो तर गाल आत गेलेले दिसले."

म्हटलं, "फोनचा कॅमेरा आहे तो. त्यात मीही भुतासारखा दिसतो."

"ती जेवते का नीट?"

"स्वयंपाक करता करताच जेवते. आणि बारीक झाली असती तर मला कळलं नसतं का? दिवसभर पाठमोरी माझ्यासमोर बसलेली असते. तिच्या कोटाला एक चुणी नाही. अगदी अंगाबरोबर बसतोय."

मुलगी म्हणाली, "नीट बघा हं." माझ्या धंद्यातलं ती मला काय शिकवणार? फोन ठेवल्यावर लक्षात आलं, माझ्या करपट ढेकरांचं सांगायचं राहूनच गेलं.

५ मार्च

खाल्लं: सूप, टोस्ट, बटाटा. पोट: सकाळी जड, संध्याकाळी हलकं.

आज बोललोच. जेवण झालं की ही न्हाणीघरात जाते आणि नळ सोडून बसते. धो धो पाणी. मी बाहेरून दार वाजवलं. "अगं, करतेस काय आत?" "कपडे धुतेय." दोन माणसांचे कपडे असे किती असतात? बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला, डोळे लाल. रडत होती म्हणावं तर रडण्यासारखं काही झालं नव्हतं.

नंतर मी आत गेलो तर बेसिनच्या जाळीवर भाताची शितं. भात काल केला होता, आज घरात भात नाही. म्हणजे कालपासून बेसिन घासलेलंच नाही. पूर्वी तिचं बेसिन आरशासारखं असायचं. मी आजारी पडलो तर घराला कुणी वालीच राहिला नाही.

बोलून दाखवलं. ती म्हणाली, "घासते." आणि लगेच घासलं.

९ मार्च

खाल्लं: नेहमीचं. पोट: संतापानं बिघडलं. डॉक्टरांनी हेही लिहून घ्यावं.

निळ्या दोऱ्याचं रीळ संपलं! महिनाभर दुकानात तांबड्याशिवाय, आणि बँकेतल्या साहेबांच्या करड्या कोटाशिवाय, काही शिवलेलं नाही. मग निळा दोरा गेला कुठे? निळं काय ते आमचे तीन कोट. माझा मी उसवलेला नाही. काजवालीला विचारलं, "घरी नेतेस का रीळ? कोट दुरुस्त करायचा असेल तर इथे कर, दोरा कुठे पळून जाणार आहे?"

बाई पंधरा वर्षं येते आहे. तिनं हातातलं जाकीट खाली ठेवलं. माझ्याकडे नाही, हिच्याकडे बघत राहिली. ही मशीनवरून उठली आणि म्हणाली, "मी वापरला. माझं थोडं शिवण होतं."

"कसलं?"

"जुनंपानं."

हॉटेलची ऑर्डर डोक्यावर आहे आणि ही जुनंपानं शिवत बसते. तरीच दुपारी मी वर पडलेला असताना खाली मशीनचा आवाज यायचा आणि जाकिटं मात्र वाढायची नाहीत. मी बरंच बोललो. काजवाली त्या दिवसाचं काम पुरं करून गेली, जाताना "येते मास्तर" म्हणाली नाही. रागावली असेल. रागावू दे, प्रामाणिक माणसाला राग येतोच. पण तिनं हिच्याकडे असं का बघावं, ते कळलं नाही.

१४ मार्च

खाल्लं: दोन अंडी, भात, संध्याकाळी मासा. पोट: उत्तम. करपट ढेकर नाही. लिहायला हुरूप येतो.

मी सुधारतो आहे आणि ही बिघडते आहे. बिघडते म्हणजे वागण्यात. आज एका जाकिटाची टीप वाकडी गेली. हिची टीप! खडूनं रेघ मारून दिली असताना. उसवायला लावली. उसवताना हात थरथरत होता, कात्रीचं टोक कापडात जाईल म्हणून मीच काढून घेतली. "झोप होत नाही का?" विचारलं तर "होते" म्हणाली.

संध्याकाळी वर जाताना जिन्याच्या मधेच बसली. मी मागे ताटकळत उभा. "अगं, रस्त्यात काय बसतेस?" "पायरीवर बसायची हौस आली." असं तिरकं उत्तर. मी बोललो म्हणून फुगली आहे. बसू दे. दहा मिनिटांनी उठली, कठडा धरून वर आली आणि माझ्यासाठी मासा तळला. स्वतः दोन घास खाऊन उठली. मासा जरा खारट होता, पण खाल्ला.

१८ मार्च

काजवाली आज मला बाजूला घेऊन म्हणाली, "मास्तर, वहिनींना डॉक्टरांना दाखवा."

"काय झालंय तिला?"

"तुम्ही बघता ना रोज?"

हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, "गुरुवारी माझी तारीख आहे, ती बरोबर येणारच आहे. तेव्हा विचारू."

त्यावर ती "बरं" म्हणाली आणि सुईत दोरा ओवत बसली. या बायकांची एकमेकींत काहीतरी खलबतं असतात. सरळ काही सांगायचं नाही, आणि मग आम्हाला कळत नाही म्हणून बोटं मोडायची.

खाल्लं: सगळं. पोट: ठीक.

२१ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आलो. वही बघून हसले. "तुम्ही तर कादंबरी लिहिलीत." दोनच पानं वाचली, बाकीची नुसती उलटली. पोट दाबून बघितलं, म्हणाले, "सूज उतरली आहे, गोळी आणखी दोन आठवडे, मग बंद." मी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. मधे त्यांनी हिच्याकडे बघून विचारलं, "आणि तुमचं कसं काय? तुम्हालाही ताप होता ना?"

ती म्हणाली, "बरं आहे."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. पुढे काही विचारणार होते, पण मला मासा आठवला. मासा चालेल का, ते विचारायचं राहिलं होतं. ते विचारलं. चालेल म्हणाले. तोवर बाहेर पुढचा पेशंट खोकायला लागला होता.

येताना ही दोनदा थांबली. एकदा दुकानाच्या काचेत काहीतरी बघायला, एकदा बुटाचा बंद बांधायला. तिच्या बुटांना बंद नाहीत, हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

२६ मार्च

मी टेबलावर शेवटची जाकिटं कापत होतो. ही पाठमोरी, मशीनवर. टीप चालू होती. लांब टीप. बाहीच्या टिपेला एवढा वेळ लागत नाही. मी कात्री न थांबवता म्हणालो, "अगं, किती लांब मारतेस? गावाला निघालीस का?" मशीन चालूच. मग वळून बघितलं. तिचं डोकं मशीनच्या बाजूला टेकलं होतं. पाय पॅडलवर तसाच होता आणि सुई एकाच जागी खाली-वर होत होती, तांबड्या कापडाचा गोळा करत.

काजवालीनं आधी स्विच बंद केला. मला तेही सुचलं नाही.

उचलताना कळलं. मी एकट्यानं उचललं. एकट्यानं, जिना चढताना दमून जाणाऱ्या माणसानं, आणि उचलताना दम लागला नाही.

२७ मार्च

हॉस्पिटल. बाहेरच्या बाकावर लिहितो आहे.

नर्सनं आत घेतल्याबरोबर वजन केलं. आकडा बघून दुसऱ्या नर्सला बोलावलं आणि पुन्हा केलं. मग मला विचारलं, "आधी किती होतं?"

मला माहीत नाही.

"अंदाजे? दोन महिन्यांपूर्वी?"

बँकेतल्या साहेबांचं मी अर्ध्या किलोपर्यंत सांगितलं असतं.

इथली डॉक्टर मुलीच्या वयाची आहे. तिनं बसवून सांगितलं. त्या तापाच्या विषाणूनं हिच्या जठराच्या नसेला इजा झाली असावी. जठर अन्न पुढे ढकलतच नाही. दुर्बीण घातली तर परवाचा बटाटा तसाच आत होता. खाल्लेलं साचतं, मग उलटून पडतं, कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या दिवशी. "रोज उलट्या होत असणार. कमीत कमी दीड महिना. अंगातलं पाणी, क्षार सगळं उतरलंय. पोटॅशियम इतकं खाली गेलं की हृदयाचे ठोके चुकायला लागले, म्हणून त्या कोसळल्या. तुमच्या लक्षात आलं नाही?"

नळ. बेसिन. कालच्या भाताची शितं.

मी म्हणालो, "मीही आजारी होतो." ती म्हणाली, "हो, त्या सांगत होत्या." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

बरी होईल का, विचारलं. हृदयानं आजची रात्र सांभाळली तर पुढचं बोलू, म्हणाली.

२८ मार्च

ठोके सुधारले. नाकातून नळी घालून ती जठराच्या पुढे आतड्यात सोडली आहे. पुष्कळ लोकांचं जठर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा कामाला लागतं, काहींचं लागत नाही, असं डॉक्टर म्हणते. कोणाचं लागेल ते आधी सांगता येत नाही.

मुलगी आली. बाकावर माझ्या शेजारी बसली नाही, समोर उभी राहिली. "बाबा, मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, कोट अंगाबरोबर बसतोय."

"बसत होता गं."

"कसा बसेल?"

मलाही तेच कळत नव्हतं. शपथेवर सांगतो, बसत होता. खोटं बोललो नव्हतो मी.

२९ मार्च

नर्सनं तिचे कपडे पिशवीत घालून दिले होते. आज दुकान उघडलं, दिवा लावला आणि निळा कोट टेबलावर उलटा केला.

बाजूच्या शिवणीत मी बेतलेल्या मापाची तिची जुनी टीप. तिच्या आत आणखी एक टीप. तिच्या आत आणखी एक. आणि तिच्या आत चौथी. दोन्ही बाजूंना, आणि बाह्यांना, आणि पाठीच्या मधल्या शिवणीलाही, चुणी जिथून सुरू होते तिथून. मी दुपारी वर पडलो की ही खाली बसून स्वतःचा कोट आवळत होती. माझ्याच डोळ्यांसाठी. चुणी पडली की मास्तरला कळतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? नवरा शिंपी नसता तर तिला एवढा खटाटोप करावा लागला नसता, आणि नवरा शिंपी नसता तर त्याला दोन महिने आधी दिसलं असतं.

पहिल्या दोन टिपा रेघेसारख्या सरळ आहेत. तिसरी एके ठिकाणी सुटून पुन्हा धरली आहे. चौथी वाकडी आहे. तशी टीप मी तिला उसवायला लावली होती.

कपडा कायमचा आवळायचा असेल तर आम्ही आतलं जास्तीचं कापड कापून टाकतो, नाहीतर अंगाला टोचतं. हिनं कुठेही कापलेलं नाही. सगळं कापड आत घडी घालून ठेवलं आहे, बरगडीला टोचत असणार एवढी जाड घडी. पुन्हा उसवून वाढवायचा होता तिला कोट.

काजवाली आली. मी म्हणालो, "रिळाचं मी तुला बोललो ते—" ती म्हणाली, "मास्तर, वहिनींनी मला शपथ घातली होती. मी मोडायला हवी होती." आणि रडायला लागली. म्हणजे माफी तिनंच मागितल्यासारखं झालं. तेवढंही माझ्या हातून धड झालं नाही.

३१ मार्च

हॉटेलचा मॅनेजर जाकिटं न घेता गेला. दुसऱ्याला देतो म्हणाला. दे म्हटलं.

ती आता बसते. नाकात नळी आहे, म्हणून हळू बोलते. विचारायचं नाही असं ठरवून गेलो होतो, आणि पोचल्याबरोबर विचारलं. "मला सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुमचं पोट आणखी दुखलं असतं."

मला वाटलं, चेष्टा करतेय. हसलो. ती हसत नव्हती.

थोड्या वेळानं म्हणाली, "आधी वाटलं, तुमच्यासारखंच आहे, जाईल. तुमचं जायला लागलं. माझं गेलं नाही. मग सांगायला उशीर झाला होता. घरात एकाच पोटाला जागा होती, अहो."

मी खिडकीतून खाली बघत राहिलो. अॅम्ब्युलन्स धुणारा माणूस तिची चाकं घासत होता. रागानं बोलली असती तर मला काहीतरी उलट बोलता आलं असतं. उलट बोलण्याची मला सवय आहे. नुसतं ऐकून घ्यायची नाही.

डॉक्टरनं विचारलं होतं, उलट्या नेमक्या कधीपासून, खाणं कधीपासून कमी झालं. ही वही तिला दाखवायची लाज वाटली. घरी बसून वाचली आणि तोंडी सांगितलं. डॉक्टर म्हणाली, "बरंच लक्ष होतं की तुमचं."

६ एप्रिल

दिलं: नळीतून पांढरं पातळ अन्न, सावकाश, दिवसभर. पोट: उलटी नाही. (तिचं.)

नाकातली नळी काढली. पोटाच्या डाव्या बाजूला बारीक छिद्र पाडून तिथून आतड्यात नळी बसवली आहे. किती महिने राहील सांगता येत नाही. दोन-चार दिवसांत घरी सोडतील. नर्स म्हणाली, "कपडे सैल घाला, नळी दाबली जायला नको."

ही म्हणाली, "सैल नको. मला झोळणा घालून दुकानात बसायचं नाही. कोटाला डावीकडे आडवं काज पाडा, त्यातून नळी बाहेर घेऊ." भेटायला आलेली काजवाली म्हणाली, काज मी करते. "पण कोट नव्यानं बेतावा लागेल," ही म्हणाली, "त्या टिपांवर टिपा आता नकोत. माप घ्या."

खिशात टेप होतीच, ती कधी नसत नाही. काजवाली पडदा ओढून बाहेर गेली. मी हिला आधार देऊन बसवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हिच्या अंगाला टेप लावली. हात बगलेखालून मागे नेले तर दोन्ही हातांची बोटं लगेच एकमेकांना भेटली. छातीचं माप बघितलं. टेपवर एक आकडा होता आणि माझ्या तोंडून दुसरा निघाला, दोन इंच मोठा.

तिचं "लिहिलं" आलं नाही, म्हणून माझी टेप तिथेच राहिली.

"टेप ढिली धरलीत," ती म्हणाली.

"नाही गं."

"मागचं माप माझं मीच घेतलं होतं. वरच्या खोलीत, तुम्ही झोपल्यावर. त्याच्या आधीचंही, त्याच्याही आधीचं. एकटीला पाठीमागून टेप धरता येत नाही, दाताखाली एक टोक धरायचे. आकडा काय असेल ते मला माहीत आहे. खरं सांगा."

मी खरा आकडा सांगितला. दुकानात सांगतो तसा मोठ्यानं सांगता आला नाही, पण सांगितला.

"लिहिलं," ती म्हणाली. तिच्या हातात पेन्सिल नव्हती. सलाइनची सुई होती.

मग मी टेप कमरेकडे नेली.